घटक ७ : गाळाच्या पंख्यांवरील खडीयुक्त वाळवंटी मृदा

७.१ उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपल्याला :
• शुष्क प्रदेशात पर्वतपायथ्याशी गाळाचा पंखा कसा तयार होतो, हे स्पष्ट करता येईल.
• मृदेतील खडीचा पाण्याच्या मुरण्यावर होणारा परिणाम उदाहरणासह सांगता येईल.
• मृदेच्या खुणांवरून पृष्ठभागाचे सापेक्ष वय ओळखता येईल.
• मृदेचे वय आणि पुराचा धोका यांतील संबंध विशद करता येईल.

७.२ प्रास्ताविक

हवामान, सजीव, भूउठाव, मूळ पदार्थ आणि काल या मृदानिर्मितीच्या पाच घटकांचा परिचय आपण यापूर्वी करून घेतला आहे. हान्स जेनी या मृदाशास्त्रज्ञाने १९४१ साली ही मांडणी ग्रंथरूपाने केली. या पाचांपैकी काल हा घटक समजण्यास सर्वांत अवघड आहे. पाऊस मोजता येतो, खडक हातात घेता येतो. काळ मात्र प्रत्यक्ष दिसत नाही. शुष्क प्रदेशातील गाळाचा पंखा हे त्याला एक अपवादात्मक ठिकाण होय. तेथे एकाच पर्वतातून आलेली, एकाच हवामानात असलेली, परंतु भिन्न वयांची मृदा शेजारी शेजारी आढळते. इतर चार घटक जवळजवळ समान असल्यामुळे मृदेत दिसणारा फरक मुख्यतः काळाचा असतो. हा फरक वाचता येणे केवळ परीक्षेपुरते महत्त्वाचे नाही. वस्ती कोठे करावी आणि कोठे करू नये, या प्रश्नाशी त्याचा थेट संबंध आहे.

७.३ विषय-विवेचन

७.३.१ गाळाचा पंखा

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, मोहावे वाळवंटात, डेथ व्हॅली नावाची दरी आहे. तिचा सर्वांत खोल भाग समुद्रसपाटीपासून सुमारे ८६ मीटर खाली आहे. दरीच्या पश्चिमेस पॅनामिंट पर्वतरांग व पूर्वेस ब्लॅक पर्वत आहेत. दरीच्या तळाशी वर्षाला सरासरी सुमारे ६० मिलिमीटर पाऊस पडतो. तोही अनेकदा मोजक्या, जोरदार सरींच्या रूपाने येतो.

अशा सरीचे पाणी उघड्या डोंगरउतारावरून दगडगोटे घेऊन अरुंद घळईतून वेगाने खाली येते. घळईच्या तोंडाशी उतार कमी होतो, पाणी पसरते, जमिनीत मुरते आणि त्याची वहनशक्ती घटते. मोठे धोंडे तोंडाजवळच पडतात. त्यापुढे गोटे व खडी आणि अखेरीस वाळू व बारीक गाळ साचतो. स्वतःच्याच गाळाने पात्र भरले की प्रवाह दुसरीकडे वळतो. अशा रीतीने प्रवाह डावीउजवीकडे सरकत राहिल्यामुळे संचयनाला पंख्याचा आकार येतो. पश्चिमेकडील पंखे मोठे असून ते एकमेकांत मिसळून सलग उतार तयार झाला आहे. त्यास बजाडा म्हणतात. पूर्वेकडील पंखे मात्र लहान आहेत, कारण दरीचा तळ भूहालचालींमुळे पूर्वेकडे कलत व खचत आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कोणत्याही काळी पंख्याचा काही भागच सक्रिय असतो. उरलेला भाग प्रवाहाने सोडून दिलेला असतो. कधी काही वर्षांपूर्वी, तर कधी हजारो वर्षांपूर्वी. प्रवाहाने सोडलेल्या भागावर मृदानिर्मितीला अवधी मिळतो.

७.३.२ खडी आणि पाणी

मृदाशास्त्रात २ मिलिमीटरपेक्षा बारीक कणांस मृदेचा बारीक अंश मानतात. त्याहून मोठे, सुमारे ७५ मिलिमीटरपर्यंतचे तुकडे म्हणजे खडी होय. पाणी धरून ठेवण्याचे काम मुख्यतः बारीक अंश करतो. त्यामुळे खडीयुक्त मृदा निकृष्टच असणार, असे आपल्याला वाटेल. भरपूर पावसाच्या प्रदेशात ते बरेचसे खरेही आहे. वाळवंटात मात्र हिशोब बदलतो.

एक सोपे उदाहरण घेऊ. समजा, एक वालुकामय मृदा आपल्या आकारमानाच्या १० टक्के पाणी धरून ठेवते. तिच्यावर पडलेला १० मिलिमीटर पाऊस पूर्णपणे मुरला, तर तो सुमारे १० सेंटिमीटर खोलीपर्यंत जाईल. आता त्याच मृदेत निम्मे आकारमान खडीचे आहे असे माना. पाणी धरणारा अंश निम्मा झाला. म्हणून तेवढाच पाऊस सुमारे २० सेंटिमीटर खोल पोहोचेल. वाळवंटात वरच्या काही सेंटिमीटरांतील ओलावा उन्हाने लवकर उडून जातो. खोल गेलेले पाणी मुळांसाठी शिल्लक राहते. म्हणूनच पंख्याच्या तुलनेने तरुण, खडीयुक्त भागावर क्रिओसोटसारखी खोल मुळांची झुडपे चांगली तग धरतात.

७.३.३ मृदेचे वय सांगणाऱ्या खुणा

अ) वाळवंटी फरसबंदी : नव्या पृष्ठभागावर धोंडे व चर यांमुळे उंचसखलपणा असतो. काळानुसार दगड फुटतात, चर भरतात आणि एकमेकांना खेटून बसलेल्या लहान दगडांचा सपाट थर तयार होतो. वाऱ्याने बारीक माती उडवून नेली व दगड मागे राहिले, असे पूर्वी प्रामुख्याने मानले जात असे. मोहावेतील सिमा ज्वालामुखी क्षेत्रात १९८० व १९९० च्या दशकांत झालेल्या संशोधनाने वेगळे चित्र पुढे आणले. वारा धूळ आणून टाकतो, ती दगडांच्या फटींतून खाली जाते आणि दगड तिच्यावर उचलले जात पृष्ठभागावरच राहतात. येथे वाऱ्याने माती नेलेली नसून आणलेली आहे.

आ) पोकळ्यांचा थर : फरसबंदीखाली या धुळीचा फिकट, काही सेंटिमीटर जाडीचा थर असतो. वारंवार ओला व कोरडा होताना त्यात हवेचे बुडबुडे अडकतात आणि पावाच्या तुकड्यासारख्या बारीक पोकळ्या दिसतात. या पोकळ्या एकमेकींना फारशा जोडलेल्या नसल्यामुळे त्यांतून पाणी सहज खाली जात नाही.

इ) वाळवंटी झिलई : दगडांच्या उघड्या बाजूवर लोह व मँगनीज यांची ऑक्साइडे आणि चिकणमातीचे कण यांचा अतिशय पातळ, गडद लेप चढतो. त्यामुळे जुने पृष्ठभाग दुरून काळपट, तर ताजे पात्र फिकट राखाडी दिसते.

ई) चुन्याचे संचयन : धूळ व पाऊस यांतून आलेला चुना पाण्याबरोबर खाली जातो आणि पाणी संपते तेथे साचतो. दक्षिण न्यू मेक्सिकोतील मृदांच्या अभ्यासावरून गाइल, पीटरसन व ग्रॉसमन यांनी १९६६ साली या संचयनाच्या चार अवस्था सांगितल्या. खडीयुक्त मृदेत त्या अशा दिसतात :
१) खड्यांवर, विशेषतः त्यांच्या खालच्या बाजूस, चुन्याचा पातळ लेप;
२) लेप जाड होऊन खड्यांमधील काही जागा भरणे;
३) सर्व रिकाम्या जागा भरून थर बंद होणे;
४) बंद झालेल्या थरावर पाणी साचून चुन्याचे पापुद्र्यांसारखे कठीण पटल तयार होणे.

खडीयुक्त मृदेत रिकामी जागा मुळातच कमी असते. त्यामुळे बारीक मृदेपेक्षा तिच्यात या अवस्था लवकर येतात. महाराष्ट्राच्या कोरडवाहू भागातील काळ्या मृदेत सापडणारे चुनखडीचे खडे आपण पाहिले असतील. तेथील मूळ पदार्थ व पाऊसमान वेगळे असले, तरी पाण्याबरोबर सरकून चुना पुन्हा साचण्याची प्रक्रिया त्याच जातीची आहे.

वर्गीकरणाच्या दृष्टीने, अमेरिकेच्या १९७५ च्या मृदावर्गीकरण पद्धतीनुसार थर न बनलेली ताजी मृदा ‘एन्टिसोल’ या गणात, तर चुन्याचे वा चिकणमातीचे ठळक थर असलेली जुनी वाळवंटी मृदा ‘अ‍ॅरिडिसोल’ या गणात मोडते.

७.३.४ वय वाढल्याचे परिणाम

तरुण पृष्ठभागावर पाणी खोल मुरते. जुन्या पृष्ठभागावर पोकळ्यांचा थर त्यास वरच अडवतो. पाणी वाहून जाते आणि खाली चुन्याचे थर मुळांची वाट रोखतात. म्हणून सुबक फरसबंदी असलेले भाग बहुधा उघडेबोडके असतात. हा पृष्ठभाग टिकाऊ दिसतो, पण तो नाजूक आहे. १९४२ मध्ये जनरल पॅटन यांच्या नेतृत्वाखाली या वाळवंटात लष्करी प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. त्या काळातील रणगाड्यांच्या चाकोऱ्या काही ठिकाणी आजही दिसतात.

दुसरा परिणाम माणसांच्या सुरक्षिततेशी निगडित आहे. प्रवाहापासून उंचावर असलेली, काळपट, सपाट, चुन्याचे जाड थर असलेली जमीन दीर्घकाळ पुराखाली गेलेली नाही, असे अनुमान काढता येते. उलट राखाडी, ओबडधोबड, थररहित मृदा अलीकडच्या लोंढ्याची साक्ष देते. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने १९९६ साली पंख्यांवरील पुरांविषयीच्या अहवालात सक्रिय व निष्क्रिय भाग वेगळे ओळखण्यावर भर दिला, तो याच कारणाने. मात्र हे अनुमान म्हणजे हमी नव्हे. प्रवाह काठ कापू शकतो किंवा नवी वाट धरू शकतो.

७.३.५ भारतीय संदर्भ : लेह

लेह शहर सुमारे ३,५०० मीटर उंचीवर, थंड वाळवंटात आहे. वार्षिक पर्जन्य सुमारे १०० मिलिमीटर. लडाख पर्वतरांगेतून सिंधू नदीकडे उतरणाऱ्या अशाच गाळाच्या पंख्यांवर तेथील वस्ती व शेती पसरली आहे. हिमवितळणीचे पाणी पाटांनी खेळवून, त्याबरोबर येणारा बारीक गाळ शेतात साचवून आणि खत घालून शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या खडीवर माती घडवली. पाण्याच्या वाटपासाठी गावात ‘चुरपोन’ नावाचा जबाबदार माणूस नेमला जातो. जव आणि जर्दाळू याच जमिनीत पिकतात.

५ ऑगस्ट २०१० च्या रात्री याच उतारांवरून चिखल व दगडांचे लोंढे आले. लेह व चोगलमसर परिसरात दोनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. वर्षानुवर्षे कोरडा राहिलेला ओढा माणसाच्या स्मरणातून जातो. मृदेत मात्र त्याची नोंद असते. मोहावेतील खुणा लडाखला जशाच्या तशा लागू करता येणार नाहीत, कारण तेथे गोठण-वितळण आणि माणसाने केलेली सिंचित शेती यांनी मृदा बदललेली आहे. तथापि ‘ही जमीन शेवटची केव्हा वाहून आली?’ हा प्रश्न घर बांधण्यापूर्वी दोन्हीकडे विचारलाच पाहिजे.

७.४ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

एका वाक्यात उत्तरे लिहा.
१) बजाडा म्हणजे काय?
२) पोकळ्यांच्या थरातील धूळ कोठून येते?
३) खडीयुक्त मृदेत चुन्याच्या अवस्था लवकर का येतात?

उत्तरे : १) अनेक गाळाचे पंखे एकमेकांत मिसळून तयार झालेला सलग उतार म्हणजे बजाडा. २) ती वाऱ्याने आणलेली असते. ३) तिच्यात चुन्याने भरावयाची रिकामी जागा कमी असते.

७.५ सारांश

गाळाचा पंखा टप्प्याटप्प्याने आणि निरनिराळ्या जागी वाढतो. म्हणून त्यावर विविध वयांच्या मृदा एकत्र आढळतात. तरुण खडीयुक्त मृदेत थोडा पाऊसही खोल जातो. काळानुसार फरसबंदी, पोकळ्यांचा थर, झिलई व चुन्याचे संचयन वाढत जाते आणि पाणी मुरण्याचे प्रमाण घटते. याच खुणा पृष्ठभागाचे वय व पूर्वीच्या पुरांचा इतिहास सांगतात.

७.६ सरावासाठी स्वाध्याय

१) ‘शुष्क प्रदेशात खडी ही मृदेची उणीवच असते असे नाही.’ सोदाहरण स्पष्ट करा.
२) खडीयुक्त मृदेतील चुन्याच्या संचयनाच्या चार अवस्था आकृतीसह लिहा.
३) क्षेत्रीय कार्य : आपल्या परिसरातील ओढ्याच्या काठी उघड्या पडलेल्या मातीचा छेद पाहा. दगडांचे आकार, थर व चुनखडीचे खडे यांची नोंद करा. ओढ्याचे पाणी पूर्वी कोठवर आले असावे, याविषयी आपले अनुमान कारणांसह लिहा आणि गावातील वयस्कर व्यक्तींच्या आठवणींशी ते ताडून पाहा.