जुनं सीएनसी मिलिंग मशीन : आधी लोखंड बघा, मग कॉम्प्युटर

मित्रहो, कॉलेज संपल्यावर आपल्यातले बरेचजण पुण्याला जातील. पण काहीजण नक्कीच म्हणतील, की कुपवाडला, मिरजेला नाहीतर साताऱ्याच्या एमआयडीसीत एखादी शेड घेऊ आणि जॉबवर्क सुरू करू. नवीन व्हीएमसी परवडत नाही, तेव्हा नजर जाते ती सेकंडहँड मशीनवर. पैसा घरचा असतो किंवा बँकेचा, आणि मशीन खराब निघालं तरी हप्ता थांबत नाही. म्हणून जुनं सीएनसी मिलिंग कसं पारखायचं आणि त्यात सुधारणा कशी करायची, ते थोडक्यात पाहू.

आपल्या भागाचं आणि ओतीव लोखंडाचं नातं जुनं आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानातल्या कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर कारखाना उभा केला, धनजीशा कूपर यांनी १९२२ मध्ये साताऱ्यात. दोन्हीकडे लोखंडी नांगर बनत. मिलिंग मशीनचा बेड आणि कॉलमही ओतीव लोखंडाचाच. वेळेवर तेल मिळालं, तर हे लोखंड तीस-चाळीस वर्षं सहज टिकतं. कंट्रोलचं तसं नाही. पंधरा वर्षांत त्याचं कार्ड मिळेनासं होतं. थोडक्यात, एकाच मशीनला दोन वयं असतात. विकणारा आपल्याला चालू स्क्रीन दाखवतो, पण आपण बघायचं ते स्क्रीनच्या खाली. कंट्रोल बदलता येतो. झिजलेले स्लाइडवे पुन्हा ग्राइंड आणि स्क्रेप करायचे म्हटलं, तर मशीनच्या किमतीपेक्षा खर्च जास्त होऊ शकतो.

पहिली परीक्षा : प्ले किती?

डायल गेज खिशात ठेवूनच जायचं. मॅग्नेटिक बेस स्पिंडल हेडला लावा, डायलचं टोक टेबलवर बांधलेल्या ठोकळ्याला टेकवा. टेबल एका दिशेने थोडं सरकवून डायल शून्य करा. मग उलट दिशेने ०.१० मिमी जायला सांगा. डायल ०.०६ दाखवत असेल, तर ०.०४ मिमी बॅकलॅश आहे. हीच परीक्षा टेबलच्या मध्यावर आणि दोन्ही टोकांना घ्या. काम बहुतेक मधल्याच भागात होतं, त्यामुळे झीजही तिथेच जास्त असते.

विकणारा म्हणेल, "कंट्रोलमध्ये कॉम्पेन्सेशन टाका, झालं!" बॅकलॅश सगळीकडे सारखा असेल तर हिशोब जुळेल. पण मध्ये ०.०६ आणि टोकाला ०.०१ असेल, तर एकच आकडा दोन्हीकडे कसा चालणार? शिवाय कॉम्पेन्सेशन हिशोब सुधारतं, ढिलेपणा काढत नाही. क्लाइंब मिलिंगमध्ये कटर टेबलला फीडच्याच दिशेने ओढतो, मग टेबल तेवढा झटका खातं आणि इन्सर्ट फुटतात. म्हणून ढिलेपणा कुठे आहे तेही शोधा. स्क्रूच्या टोकाच्या थ्रस्ट बेअरिंगमध्ये असेल तर काम स्वस्तात होतं. बॉल स्क्रूमध्ये किंवा नटमध्ये असेल, तर ती रक्कम आधीच किमतीतून वजा करा.

दुसरी परीक्षा : स्पिंडल आणि तेल

टेस्ट मँड्रेल लावून स्पिंडलच्या तोंडाशी आणि ३०० मिमी खाली रनआउट घ्या. मग स्पिंडल तासभर चालवा. आवाज बदलतो का, गरम किती होतो, ते बघा. टूल होल्डर सोबत मिळत असतील, तर पुल स्टड त्याच मशीनचे आहेत ना, याची खात्री करा. बीटी ४० मध्येही वेगवेगळ्या कोनांचे स्टड येतात. चुकीचा स्टड लागला, तर टूल नीट पकडलं जात नाही. तेलाचा पंप चालू करून प्रत्येक स्लाइडपर्यंत तेल पोचतं का, तेही पाहा. एक नळी तुंबली, की तो स्लाइड कोरडाच घासत राहतो.

आता कॉम्प्युटर

लोखंड पास झालं तरच इकडे वळा. कंट्रोल चालू असेल, तर पॅरामीटर आणि लॅडरचा बॅकअप सर्वात आधी घ्या. कित्येक जुन्या कंट्रोलमध्ये ही माहिती बॅटरीवर टिकलेली असते, आणि पॉवर बंद करून बॅटरी काढली की सगळं पुसलं जातं.

कंट्रोल गेलेला असेल, तरी सर्व्हो मोटर आणि ड्राइव्ह लगेच भंगारात टाकू नका. बऱ्याच जुन्या ड्राइव्हना अधिक-उणे १० व्होल्टचा सिग्नल लागतो. असा सिग्नल देणारा आणि एन्कोडर वाचणारा कोणताही नवा कंट्रोल त्यांना चालवू शकतो. लिनक्ससीएनसी हे फुकट सॉफ्टवेअर योग्य कार्ड लावल्यास हेच काम करतं. त्याचा उगम अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी संस्थेत झाला. हिशोब असा : स्क्रूची लीड १० मिमी, मोटर थेट स्क्रूला जोडलेली, एन्कोडर २५०० लाइनचा. चौपट मोजणीने एका फेऱ्यात १०,००० काउंट, म्हणजे एक काउंट एक मायक्रॉनचा. स्वस्त पडतात म्हणून जड टेबलला साधे स्टेपर लावू नका. वेग वाढला की त्यांचा टॉर्क घटतो, आणि एखादी स्टेप चुकली तरी कंट्रोलला पत्ता लागत नाही.

जपानी मशीन बहुधा २०० व्होल्टवर चालतं आणि आपल्याकडे थ्री-फेज ४१५. तेव्हा ट्रान्सफॉर्मर आणि स्वतंत्र अर्थिंग खर्चात धरा.

जिवाची गोष्ट

इमर्जन्सी स्टॉप सॉफ्टवेअरवर सोडायचा नाही. बटण दाबताच ड्राइव्हची पॉवर कॉन्टॅक्टरनेच तुटली पाहिजे. लिमिट स्विच नॉर्मली क्लोज्ड जोडा, म्हणजे वायर तुटली तरी मशीन थांबेल. आणि झेड अॅक्सिसची मोटर किंवा ब्रेक काढण्याआधी हेडखाली भक्कम लाकडी ठोकळा द्या. शेकडो किलोचं हेड खाली यायला क्षण पुरतो.

सौदा करण्याआधी स्वतःचा ठोकळा घेऊन जा आणि १०० मिमीचा गोल कापून मागा. तो लंबगोल निघाला किंवा दिशा बदलते त्या चार जागी खुणा दिसल्या, तर मशीनने खरं काय ते सांगितलं असं समजा. गोदामात बिनकनेक्शनचं उभं असलेलं मशीन भंगाराच्या भावापेक्षा जास्त देऊन घेऊ नये.

यातल्या बहुतेक परीक्षा आपल्या वर्कशॉपमधल्या मशीनवरही घेता येतात. सरांची परवानगी काढा, एक डायल घ्या आणि एखाद्या शनिवारी दुपारी टेबलचा प्ले तीन ठिकाणी मोजून वहीत लिहा. उद्या स्वतःच्या पैशाने मशीन घ्यायला जाल, तेव्हा हात सरावलेला असेल.