बसून बसून काय बिघडते?



पोरगं खुर्चीवर बसलं म्हणजे घराचं भाग्य उजळलं, असे आपल्याकडे समजतात. या बसण्याची दुसरी बाजू लंडनच्या बसगाड्यांत उघडी पडली, ती आम्ही येथे देत आहोत.

डॉ. जेरी मॉरिस यांनी १९४९-५० मध्ये तेथील वाहतूक खात्यातील ३५ ते ६४ वयाच्या सुमारे ३१,००० कामगारांची पाहणी केली. ती १९५३ साली छापून आली. ड्रायव्हर जवळजवळ सारी पाळी बसून. कंडक्टर मात्र दुमजली गाडीच्या पाचशे ते साडेसातशे पायऱ्या रोज चढणार. कंडक्टरांत हृदयविकार कमी निघाला, आणि त्याने लवकर दगावण्याचे प्रमाण सुमारे निम्मे.

कोणी म्हणेल, जाड माणूसच ड्रायव्हर होत असेल! ही शंका मॉरिसनाही होती. त्यांनी गणवेशाच्या विजारींची मापे पाहिली (१९५६), तर तरुण ड्रायव्हरांचीही कंबर मोठी. तेव्हा सगळा दोष खुर्चीचा नाही, हे मान्य. पण पत्रे वाटणारे पोस्टमन आणि टेबलावरचे कारकून यांच्यातही तोच फरक दिसला होता. खुद्द मॉरिस ९९ वर्षे जगले.

आता आपले पाहू. बैलांमागे नऊ इंची तासाने एक एकर नांगरायचे तर सतरा-अठरा किलोमीटर चाल व्हायची. आज तेच काम आपण ट्रॅक्टरच्या सीटवर बसून उरकतो. वर ऊस घेऊन यार्डात आलो की काट्याच्या रांगेत पुन्हा बसणेच. चालताना पोटऱ्या रक्त वर ढकलतात. बसून राहिले की ते पायांत साचते, पाय सुजतात, कधी गुठळीही होते. चालता स्नायू रक्तातली साखर ओढून घेतो, बसलेला तितकी घेत नाही. साखर पोत्यात भरलेली बरी, रक्तात नको!

म्हणून अर्ध्या-पाऊण तासाने खाली उतरावे, ट्रॉलीभोवती दोन फेऱ्या माराव्यात. काट्यावरच्या आमच्या कारकून मंडळींनीही उठावे. आठवड्याला किमान १५० मिनिटे भरभर चालावे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांवरून दिसते. शेतातले अंगमेहनतीचे कामही त्यात धरता येते, फक्त ते खरोखर अंगमेहनतीचे पाहिजे. बांधावर उभे राहून गड्यांना हाका मारणे धरू नये.

एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली, गरम लागली, तर तेल लावून चोळत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. छातीत दुखले किंवा एकाएकी धाप लागली तर गाडी रांगेत सोडून तडक दवाखाना गाठा. नंबर गेला तर जाऊ द्या.