जमीन विकत घेण्यापूर्वी फेरफार वाचावा

दोन हंगाम चांगले जाऊन हाती चार पैसे शिल्लक राहिले, म्हणजे शेतकऱ्याच्या मनात पहिला विचार येतो तो बांधालगतची जमीन घेण्याचा. हा विचार योग्यच आहे. शेजारच्या जमिनीची पारख वर्षानुवर्षे झालेली असते, विहिरीचे पाणी तिकडे नेता येते आणि राखणही एकच पुरते. परंतु मातीची इतकी पारख असणारा मनुष्य कागदाची पारख मात्र करीत नाही, आणि एका सातबाऱ्याच्या भरवशावर जन्माची शिल्लक विसारात देऊन मोकळा होतो. आमची उमेद तालुका कचेरीतील दप्तर सांभाळण्यात गेली. तेथे जे पाहिले, त्यावरून हे चार शब्द लिहीत आहो.

प्रथम सातबारा म्हणजे काय हे समजून घेतले पाहिजे. गाव नमुना 7 व गाव नमुना 12 हे दोन्ही एका कागदावर येतात, म्हणून त्यास सातबारा म्हणतात. पहिल्यात धारकांची नावे, क्षेत्र, आकार व इतर हक्क, आणि दुसऱ्यात पिके. 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम 157 अन्वये ही नोंद खरी धरावयाची, परंतु विरुद्ध शाबीत होईपर्यंतच. महसुली नोंदीने मालकी उत्पन्न होत नाही व नष्टही होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली स्पष्ट सांगितले आहे. सारांश, सातबारा हा मालकीचा पुरावा असू शकेल, पण तो मालकीचे मूळ नव्हे. मूळ शोधावयाचे ते फेरफारात, म्हणजे गाव नमुना 6 मध्ये, आणि ज्या दस्तावरून किंवा वारसावरून तो फेरफार झाला त्यात.

याविषयी एक हकीकत सांगतो. एक शेतकरी गृहस्थ आपल्या मळ्यालगतची सव्वा एकर जमीन घेण्याच्या विचारात होते. मागील काही वर्षांचे उतारे मागण्यास ते आमच्याकडे आले. उताऱ्यावर विकणाराचे एकट्याचे नाव होते, बोजा नव्हता. त्यांनी मागितल्या त्या नकला आम्ही दिल्या. फेरफाराच्या नकला त्यांनी मागितल्या नाहीत, म्हणून आम्हीही दिल्या नाहीत. खरेदीखत झाले, नावही लागले. दोन वर्षांनी विकणाराच्या बहिणीने वाटपाचा दावा लावला. तेव्हा जुना फेरफार निघाला. बाप मयत झाल्यावर मुलगा व मुलगी अशी दोघांची नावे वारस म्हणून लागली होती. पुढच्याच फेरफाराने, बहिणीने ‘हक्क नको’ असा साध्या कागदावर जबाब दिल्याचे लिहून तिचे नाव कमी केले होते.

आता, शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या स्थावरातील हक्क सोडावयाचा तर 1908 च्या नोंदणी अधिनियमाच्या कलम 17 प्रमाणे नोंदलेला दस्त पाहिजे. साध्या जबाबाने नाव कमी होईल, हक्क जात नाही. शेवटी त्या गृहस्थांनी बहिणीच्या हिश्श्याची किंमत नव्या दराने पुन्हा मोजून तडजोड केली. विहिरीकरिता राखलेला पैसा त्यात गेला. दोष त्या बाईचा नव्हता. तिचे होते ते तिने मागितले. ‘फेरफार पाहिला का?’ एवढे आम्ही त्या दिवशी विचारले असते तर, ही रुखरुख आमच्या मनास अद्याप आहे. म्हणून आता न विचारताच सांगतो.

(1) सातबाऱ्यावर नावापाशी जे फेरफाराचे क्रमांक असतात, त्या प्रत्येकाची नक्कल घ्यावी आणि एकेक पायरी मागे जात निदान तीस वर्षे वाचावे. कंसात पडलेले नाव म्हणजे कमी झालेले नाव. ते कशाने कमी झाले, हे कळल्याशिवाय पुढे जाऊ नये. ‘ए. कु. मॅ.’ असा शेरा कोठे आढळल्यास ते नाव एकट्याचे नसून एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून लागले आहे असे समजावे. मुली व बहिणी यांची चौकशी अवश्य करावी. 1956 च्या कायद्याने मुलगी वारस आहेच. 2005 च्या दुरुस्तीने ती एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलाप्रमाणेच जन्मतः हिस्सेदार झाली, आणि 2020 साली सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले.

(2) भूधारणा वर्ग 2 असा शेरा असल्यास, किंवा इतर हक्कात कुळकायदा कलम 43 चा उल्लेख असल्यास, परवानगी व नजराणा यांचा उलगडा तहसील कचेरीत आधी करून घ्यावा. सोसायटीचा बोजा असल्यास बेबाकीचा दाखला मागावा.

(3) दुय्यम निबंधकाच्या कचेरीतही शोध घ्यावा. गहाण किंवा साठेखत नोंदलेले असून सातबाऱ्यावर न आलेले असे प्रसंग घडतात.

(4) थोडे गुंठेच घ्यावयाचे असल्यास 1947 च्या तुकडेबंदी कायद्याप्रमाणे तेवढा तुकडा घेता येतो की नाही, हे विसारापूर्वी विचारावे. मोजणी करून हद्दी कायम कराव्या आणि गाडीवाट कोठून, हे खरेदीखतात लिहून घ्यावे.

(5) साठेखताने मालकी मिळत नाही. मुखत्यारपत्रावरील खरेदी-विक्रीने मालकी जात नाही, असा 2011 चा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय आहे. रक्कम बँकेमार्फत द्यावी, खरेदीखत नोंदवावे, व पुढे फेरफार मंजूर झाला की नाही हे स्वतः जाऊन पाहावे.

या सर्वांस महिना-दीड महिना लागतो व थोडा खर्चही येतो. विकणारा म्हणेल, दुसरे गिऱ्हाईक उभे आहे. असल्यास असो. ज्यास आपले कागद दाखवावयास घाई पुरत नाही, त्यास आपले पैसे देण्याची घाई आपणास का असावी? जमीन एक हंगाम उशिरा मिळाली तर एका पिकाचे नुकसान होते. न वाचता घेतली तर मुलांच्या वाट्यास जमिनीबरोबर कज्जाही येतो. बैल घेताना आपण दात पाहतो. जमीन घेताना फेरफार पाहावा, एवढीच वाचकांस विनंती आहे.