टीबीचं औषध आणि पाळणा लांबवायची गोळी

मानेवरच्या गाठीत टीबी निघाला, तेव्हा मला सूचना भरपूर मिळाल्या. सहा महिने डोस चुकवायचा नाही, अंडी-शेंगदाणे खायचे, लघवी केशरी होईल, घाबरायचं नाही. मी माला-डी घेते का, हे मात्र कुणी विचारलं नाही. धाकटी दूध सोडून जेवायला लागल्यापासून ती गोळी मी रोज रात्री न चुकता घेत होते.

मग एका महिन्यात पाकिटातल्या तपकिरी, लोहाच्या गोळ्या संपल्या तरी पाळी आली नाही. किटवर एकच रेघ उमटली, पण माझा विश्वास बसेना. दिवस राहिले असतील तर एवढी जहाल औषधं पोटातल्या जिवाला सोसतील का, या एकाच विचाराने मी रात्र रात्र जागी असायची. कामावर जायचे, डबे भरायचे, पण लक्ष सगळं तिकडेच.

शेवटी स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे गेले. त्यांनी दोन्ही औषधांची पाकिटं शेजारी ठेवली आणि टीबीच्या पाकिटावरच्या एका नावावर बोट ठेवलं : रिफाम्पिसिन. लघवी केशरी करणारं हेच औषध. त्याच्यामुळे यकृत गर्भनिरोधक गोळीतली संप्रेरकं भराभर मोडून टाकतं. गोळी अगदी वेळेवर घेतली तरी तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही, आणि टीबीचा कोर्स संपल्यावरही हा परिणाम सुमारे चार आठवडे राहतो. फिट्सच्या फेनिटॉइन, कार्बामाझेपिनसारख्या औषधांचंही असंच. घसा धरल्यावर मिळणाऱ्या नेहमीच्या अँटिबायोटिक्सनी मात्र असं होत नाही. त्यांनी उलट्या किंवा जोराचे जुलाब लागले, तरच काळजी घ्यायची.

मला दिवस गेले नव्हते. गोळ्या चालू असताना एखाद्या वेळी रक्तस्राव होतच नाही, आजारपणातही पाळी चुकते. शेवटच्या संबंधानंतर तीन आठवड्यांनी केलेली लघवीची तपासणी खात्रीची, हे आधी माहीत असतं तर किती रात्री वाचल्या असत्या! टीबीची ही नेहमीची औषधं गरोदर बाईलाही देतात, हेही मला तिथेच कळलं.

मी तांबी बसवून घेतली. तिच्यावर किंवा तीन महिन्यांच्या ‘अंतरा’ इंजेक्शनवर रिफाम्पिसिनचा परिणाम होत नाही. यातलं एक सुरू होईपर्यंत निरोध वापरायचा. चूक झालीच तर तातडीची गोळीही या औषधापुढे कमी पडते. पाच दिवसांच्या आत तांबी बसवणं जास्त भरवशाचं. आणि तरीही दिवस राहिले, तर गर्भनिरोधक निकामी ठरलं या कारणावरून वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मताने कायदेशीर गर्भपात करता येतो. 2021च्या दुरुस्तीनंतर अविवाहित मुलीलाही हे कारण लागू आहे, आणि सज्ञान बाईला नवऱ्याची सही लागत नाही.

गोळी घेतो हे सांगायला आपण लाजतो, सासूसमोर तर नाव काढत नाही. पण दवाखान्यात कुठलंही नवं औषध हातात पडलं, की माला-डीचं पाकीट पर्समधून काढून दाखवा, आणि घाबरून टीबीचा डोस थांबवू नका. बदलायचं ते गर्भनिरोधक.