घोंगडी विकता विकता

शिराळ्यात माझं छोटं दुकान आहे. सनगर विणकरांनी विणलेली घोंगडी विकते. विणायला बसवलं तर धोटाही धड फेकता येणार नाही, तेव्हा हे बोल गल्ल्यामागचे आहेत.

१. आज जिला परंपरा म्हणतात, तो पूर्वी धंदा होता. मेंढरं धनगराची, सूत धनगराच्या बायकांनी कातलेलं, माग सनगराचा आणि गिऱ्हाईक आमच्या पश्चिमेकडचं, भर पावसात घोंगड्याची खोळ घेऊन भात लावणारं. प्लास्टिकचा कागद आला आणि हे गिऱ्हाईक गेलं. कागद हलका, स्वस्त, झटकला की कोरडा. लावणीच्या बाईला तो टाकून दे म्हणायला मी कोण?

२. शहरातल्या गिऱ्हाइकाला घोंगडं हवं असतं, टोचणं नको असतं. दख्खनी मेंढीची लोकर मुळात भरड, वर चिंचोक्याची खळ. त्या ताठपणामुळे तर पाणी ओघळून जातं. मी विणकराला मऊपणाचं विचारलं, तर म्हणाला, "ताई, मऊ पायजे तर शाल घ्या की." पुढे त्यानंच योगासनांच्या पट्ट्या विणून दिल्या, कारण घरात चूल होती. अमेरिकेतल्या नवाहो विणकरांचंही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस असंच झालं. व्यापाऱ्यांना गालिचे हवे होते, म्हणून पांघरायची ब्लँकेटं जमिनीवर आली. कला टिकली, पण पायाखाली. हे बरं की वाईट, मला अजून ठरवता आलेलं नाही.

३. आम्ही काळजी करत बसलो मागाची. बाजारानं आधी मेंढी गाठली. जतकडची माडग्याळ मेंढी मटणाला उत्तम, अंगावर लोकर नावापुरती. दख्खनीच्या लोकरीचे पैसे कातरणीच्या मजुरीलाही पुरत नाहीत, असं मेंढके सांगतात. माडग्याळ पाळणाऱ्याला परंपरा बुडवणारा म्हणायला माझी जीभ धजत नाही. लोकरीला भाव द्या, मग बोला.

४. देव भरवशाचं गिऱ्हाईक. बिरोबाच्या कामाला घोंगडंच लागतं. घासाघीस करतात ते भक्त.

५. आणि मी? लोकरीचं कौतुक दिवसभर सांगते, रात्री झोपते अॅक्रिलिकच्या ब्लँकेटखाली. नातवंडांना घोंगडं टोचतं हो!

तुम्ही घोंगडं घ्याल तेव्हा मात्र कडेचा एक धागा मागून घ्या आणि जाळून बघा. लोकरीला केस जळल्याचा वास येतो. अॅक्रिलिक वितळून त्याची कडक गोळी होते. अॅक्रिलिक मिसळलेलं घोंगडं शुद्ध लोकरीच्या भावानं घेऊ नका.