बाहेरचं पॅकेज गाळून घ्या!



माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे मराठी विभागासाठी लेख द्यायचं ठरलं तेव्हा आधी घामच फुटला. ‘डिपेन्डन्सी’ला मराठीत काय म्हणतात, हे मी आईला फोन करून विचारलं. ती म्हणाली, “परावलंबन.” शब्द जरा जड आहे, पण अर्थ अगदी बरोबर बसतो. भाषेची चूकभूल द्यावी घ्यावी.

आपल्या संभाजीनगरात नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नाही. हॉस्टेलवर टँकर आला की रेक्टर मॅडम ड्रायव्हरला आधी विचारतात, “कुठे भरला?” मगच पाइप टाकीत सोडायचा. कारण गच्चीवरची टाकी एकच आहे. तिच्यात जे पडेल ते सगळ्या मजल्यांवरच्या नळांना येतं.

आपल्या लॅबमधली इंटर्नल रिपॉझिटरी म्हणजे अशीच टाकी. आज कुठलाही प्रोजेक्ट घ्या, त्यातला बराचसा कोड आपण लिहिलेला नसतो. जावास्क्रिप्टवाले एनपीएमवरून, पायथॉनवाले पायपीआयवरून, जावावाले मेव्हनवरून तयार पॅकेजेस घेतात. त्या पॅकेजला आणखी दहा पॅकेजेस लागतात आणि त्या दहांना अजून. प्रत्येकाने आपापलं नेटवरून उतरवलं तर कोण काय आणतंय हे कळणारच नाही. म्हणून तपासलेली पॅकेजेस एका सर्व्हरवर ठेवायची आणि बिल्ड करताना सगळ्यांनी तिथूनच घ्यायची.

गेल्या सत्रात या टाकीची राखण माझ्याकडे होती. ज्याला नवीन पॅकेज हवं त्याने रजिस्टरमध्ये नाव, व्हर्जन आणि कारण लिहायचं. मी तपासायचं, सही करायची आणि मग ते सर्व्हरवर चढवायचं. सबमिशनच्या आठवड्यात एका रात्री साडेअकराला एक ज्युनिअर दारात उभी. “ताई, एवढं एकच पॅकेज हवंय, प्लीज!” नाव ओळखीचं वाटलं. मी ‘तपासले’ असं लिहिलं, सही केली, पॅकेज चढवलं आणि झोपले.

नाव ओळखीचं होतं, पण तेच नव्हतं. मधली एक आडवी रेघ गायब होती. तिसऱ्या दिवशी सरांना फायरवॉलच्या लॉगमध्ये लॅबची मशीन्स एका अनोळखी पत्त्यावर काहीतरी पाठवताना दिसली. पॅकेज इन्स्टॉल होतानाच आपोआप चालणारी छोटी स्क्रिप्ट त्यात होती, आणि ती मशीनवरचे पासवर्ड गोळा करत होती. मेस कूपनच्या ॲपचा डेटाबेस पासवर्डही गेला. त्या डेटाबेसमध्ये तुमचे फोन नंबर आणि रूम नंबर होते. आम्ही सगळे पासवर्ड बदलले, टाकी पूर्ण रिकामी केली. पुन्हा भरायला चार दिवस गेले आणि फायनल इयरच्या दोन ग्रुप्सचं सबमिशन लांबलं.

सर रागावले नाहीत. रजिस्टर उघडून त्यांनी एवढंच विचारलं, “सही कोणाची आहे?”

त्यानंतर मी जे वाचलं आणि शिकले ते खाली देते आहे.

१) नाव अक्षर न् अक्षर जुळवा. ‘क्रॉस-एन्व्ह’ हे नावाजलेलं पॅकेज. २०१७ मध्ये कुणीतरी मधली रेघ काढून त्याच नावाचं दुसरं पॅकेज एनपीएमवर ठेवलं होतं आणि ते मशीनवरची गुप्त माहिती चोरत होतं. म्हणजे माझी चूक नवीन नव्हती. वाचलं असतं तर टळली असती.

२) घरच्या पॅकेजला आडनाव द्या. २०२१ मध्ये अ‍ॅलेक्स बिर्सान या संशोधकाने दाखवलं की, कंपनीच्या आतल्या पॅकेजचं नाव कळलं की तेच नाव आणि मोठा व्हर्जन नंबर देऊन बाहेर पॅकेज ठेवता येतं. टूल मोठा नंबर बघून बाहेरचंच उचलतं! अ‍ॅपल, मायक्रोसॉफ्ट, पेपाल यांच्यासह ३५ हून अधिक कंपन्यांच्या आत त्याचा कोड चालला. त्याचा हेतू चांगला होता म्हणून निभावलं. आपल्या पॅकेजच्या नावाआधी ठरलेला स्कोप लावावा, आणि त्या स्कोपचं काहीही बाहेरून घ्यायचं नाही असा नियम सर्व्हरवरच घालावा.

३) सांभाळणारा कोण ते पाहा. २०१८ मध्ये ‘इव्हेंट-स्ट्रीम’च्या मूळ लेखकाने कंटाळून ते मदत करणाऱ्या एका अनोळखी माणसाच्या हवाली केलं. त्याने आत आणखी एक पॅकेज घुसवलं, बिटकॉइन वॉलेटवर डल्ला मारायला. लेखकाला दोष देऊन उपयोग नाही, तो फुकट राबत होता. आपण मात्र मालक बदलला का, हे बघायला हवं.

४) वाचलेला कोड आणि उतरवलेली फाइल एकच आहे का? मार्च २०२४ मध्ये लिनक्सवरच्या ‘एक्सझेड’ या टूलच्या ५.६.० आणि ५.६.१ या व्हर्जन्समध्ये चोरदरवाजा सापडला. तो उघडणारी बिल्ड स्क्रिप्ट सगळ्यांना दिसणाऱ्या गिटमध्ये नव्हतीच, फक्त रिलीजच्या फाइलमध्ये होती. आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो, असा प्रश्न पडला आणि त्याने तो सोडला नाही. आपण निदान फाइलचा हॅश लॉक फाइलशी जुळवावा.

५) ताजं लगेच घेऊ नका. सप्टेंबर २०२५ मध्ये एनपीएमवरच्या एका लेखकाला खोटी ईमेल पाठवून फसवलं आणि ‘चॉक’, ‘डीबग’ अशा रोजच्या पॅकेजेसमध्ये विष कालवलं. काही तासांतच ते पकडलं गेलं. जे आठवडाभर थांबले असते त्यांना काहीच झालं नसतं. म्हणून आता आमचा नियम आहे, सात दिवस थांबायचं. अपवाद फक्त सिक्युरिटी पॅचचा.

६) इन्स्टॉल स्क्रिप्ट बंद ठेवा. एनपीएमला तशी सेटिंग आहे. ज्याला स्क्रिप्ट लागतेच त्याची आधी उघडून वाचायची. मी एवढंच केलं असतं तरी पुरलं असतं.

७) प्रत ठेवा आणि यादी ठेवा. २२ मार्च २०१६ रोजी ‘लेफ्ट-पॅड’ हे ११ ओळींचं पॅकेज लेखकाने काढून घेतलं आणि जगभरातले बिल्ड कोसळले. ज्यांच्या टाकीत प्रत होती त्यांचं अडलं नाही. डिसेंबर २०२१ मध्ये ‘लॉग४जे’त मोठं भोक सापडलं, तेव्हा ‘हे आपल्याकडे कुठे कुठे आहे?’ हेच अनेकांना सांगता येईना. अशा यादीला एसबीओएम म्हणतात. आपल्या सर्ट-इननेही ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत.

वाटेल की, हे सगळं परदेशातलं, आपल्याला काय त्याचं! पण ३१ जुलै २०२४ ला मुंबईच्या एनपीसीआयला सी-एज या कंपनीची पेमेंटची जोडणी तात्पुरती तोडावी लागली. रॅन्समवेअर शिरलं होतं. सी-एज सहकारी आणि ग्रामीण बँकांना सेवा देते. जवळपास ३०० छोट्या बँकांची पेमेंट सेवा त्यामुळे थांबली, दुसऱ्या दिवशी ती सुरळीत झाली. क्लाउडसेक या सुरक्षा कंपनीच्या अहवालानुसार शिरकाव झाला तो एका सहयोगी कंपनीच्या जेनकिन्स सर्व्हरमधून. जेनकिन्स म्हणजे बिल्डचंच मशीन! तिथे कारण पॅकेज नव्हतं, पण परावलंबन तेच. गावाकडच्या खातेदाराने जेनकिन्सचं नावही ऐकलं नसेल, पैसे मात्र त्याचे अडकले.

आपलं मेस ॲपही असंच आहे. वापरणाऱ्याला आतलं काही माहीत नसतं, तो सहीवर विश्वास ठेवतो. ज्यांचे नंबर माझ्यामुळे बाहेर गेले त्या सगळ्यांना मी इथे मनापासून सॉरी म्हणते.

आता आमच्या रजिस्टरमध्ये दोन सह्या लागतात, आणि रात्री नऊनंतर कोणतीच सही होत नाही. तेव्हा पॅकेज हवं असेल तर सकाळी लॅबमध्ये या. कँटीनचा चहा माझ्याकडून. मिळून तपासू!