पौल यांची पत्रे आणि शुभवर्तमानांची शिकवण

ख्रिस्ती बांधवांच्या ‘नव्या करारा’त 27 पुस्तके आहेत. त्यांत चार शुभवर्तमाने आरंभी येतात आणि पत्रे नंतर. त्यामुळे पत्रे म्हणजे शुभवर्तमानांवरील भाष्य, असा समज सहज होतो. लेखनाचा क्रम मात्र उलट आहे. पौल यांच्या नावे असलेल्या 13 पत्रांपैकी 7 त्यांचीच आहेत, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्यांतील थेस्सलनीकाकरांस लिहिलेले पहिले पत्र इ. स. 50 च्या सुमाराचे, तर सर्वांत जुने मानले जाणारे मार्कचे शुभवर्तमान इ. स. 70 च्या आसपासचे आहे.

पौल हे हजरत ईसा (अ.) यांच्या हयातीतील शिष्य नव्हते. आपला संदेश माणसांकडून नव्हे, तर साक्षात्काराने मिळाला, असे ते गलतीकरांस लिहितात. नंतर तीन वर्षांनी ते यरुशलेमला गेले व केफा (पेत्र) यांच्याकडे 15 दिवस राहिले.

मग दोहोंत मेळ किती? छळणाऱ्यांचेही भले चिंतावे, ही शिकवण दोन्हींकडे आहे. घटस्फोटाविषयीही पौल प्रभूच्याच आज्ञेचा हवाला देतात. परंतु शुभवर्तमानांतील दृष्टान्त त्यांच्या पत्रांत आढळत नाहीत. तेथे सारा भर क्रूस व पुनरुत्थान यांवर आहे.

खरा प्रश्न शरीअतचा आहे. मत्तयच्या पाचव्या अध्यायात ईसा (अ.) सांगतात की, आपण नियमशास्त्र रद्द करण्यास आलेलो नाही. रोमकरांस लिहिताना पौल म्हणतात की, मनुष्य नियमशास्त्रातील कर्मांवाचून श्रद्धेने नीतिमान ठरतो. याकोबाचे पत्र मात्र केवळ श्रद्धा पुरेशी मानत नाही. म्हणजे हा प्रश्न त्या आरंभीच्या समाजातही चर्चिला जात होता. तथापि पौल यांनी नीतीलाच सोडचिठ्ठी दिली, असे म्हणणे अन्यायाचे होईल. यहुदी नसलेल्या श्रद्धावंतांवर सुंतेसारखे विधी लादावेत काय, हा त्यांच्यापुढील वाद होता. शेजाऱ्यावरील प्रीतीत नियमशास्त्राची पूर्तता आहे, असेही तेच लिहितात.

करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात पौल प्रभूची आज्ञा व स्वतःचे मत वेगळे करून सांगतात. हा भेद आपल्याला परिचित आहे. प्रेषितांचे वचन ‘मर्फूअ’ आणि सहाबींचे वचन ‘मौकूफ’, अशी विभागणी हदीसच्या विद्वानांनी काटेकोरपणे केली. आपल्या श्रद्धेनुसार इंजील हा ईसा (अ.) यांना प्रदान झालेला ग्रंथ होय, शुभवर्तमाने व पत्रे ही अनुयायांनी लिहिलेली आहेत. म्हणून त्यांचे मोजमाप आपण कुरआनच्या कसोटीवर करतो.

मात्र ती कसोटी आपल्यालाही लागू आहे. एखाद्या समूहाविषयीच्या वैरभावाने तुम्ही न्यायापासून ढळू नये, अशी सूरह अल-माइदामध्ये (आयत 8) ताकीद आहे. तेव्हा ख्रिस्ती बांधवांशी संवाद करताना त्यांचे ग्रंथ आधी नीट वाचा, त्यांचे म्हणणे पूर्ण मांडा आणि मगच मतभेद सांगा. न्याय सोडून केलेली दावत सत्याची साक्ष ठरत नाही.